निर्वासितांचे कैवारी : फ्रित्यॉफ नान्सेन

युरोप खंडाच्या उत्तर टोकास नॉर्वे नावाचा देश आहे. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेला हा देश वर्षाचे कित्येक महिने हिमाने झाकलेला असतो. तेथील मुले नीट चालावयास शिकली न शिकली, तोच पायांना लांब लाकडी पट्ट्या बांधून बर्फावरून घसरू लागतात. ह्या पट्ट्यांना स्की म्हणतात. अशाच एका मुलाने मोठेपणी उत्तर ध्रुवाच्या दिशेने, तोवर कोणीही गेले नव्हते इतकी मजल मारली. पुढे उतारवयात, ज्यांना जगातील कोणताच देश आपले म्हणावयास तयार नव्हता अशा लाखो माणसांच्या हाती त्याने एक साधा कागद दिला, आणि त्या कागदाच्या बळावर ती माणसे पुन्हा माणसांत आली. पहिल्या पराक्रमाने त्याची कीर्ती झाली. दुसरे काम मात्र अधिक बिकट होते; कारण बर्फ कितीही निष्ठुर असला तरी तो आश्वासने देऊन मोडीत नाही.

फ्रित्यॉफ नान्सेन यांचा जन्म इ. स. १८६१ च्या ऑक्टोबर महिन्याच्या १० तारखेस ख्रिस्तियानिया शहराजवळ झाला. ह्याच शहरास आज ऑस्लो म्हणतात. त्यांचे वडील वकील होते. स्वभावाने शिस्तीचे आणि काटकसरी. आईला मोकळ्या हवेची व बर्फावरील खेळांची आवड होती. मुलाने दोघांचेही गुण उचलले. रानात दिवसचे दिवस एकट्याने भटकावे, ओढ्यात मासे धरावेत, भूक लागली तर जवळची शिदोरी खावी आणि नसली तर तसेच राहावे, हा त्याचा लहानपणचा क्रम होता. पुढे विद्यापीठात त्याने प्राणिशास्त्र हा विषय घेतला. १८८२ साली सीलच्या शिकारीस निघालेल्या एका गलबतावरून त्यास उत्तर समुद्राचा प्रवास घडला. गलबत ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ बर्फात अडकून पडले. दूरवर ग्रीनलंडची हिमाच्छादित शिखरे दिसत होती. त्या भूमीच्या अंतर्भागात काय असेल, हा विचार तेव्हापासून त्याच्या मनात घर करून बसला.

प्रवासाहून परतल्यावर नान्सेन बर्गन शहरातील वस्तुसंग्रहालयात काम करू लागले. सूक्ष्मदर्शकाखाली लहान प्राण्यांचे मज्जातंतू तपासण्यात त्यांची काही वर्षे गेली. तथापि ग्रीनलंडचा विचार सुटला नव्हता. त्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर वस्ती होती, पूर्व किनारा जवळजवळ निर्जन होता. पूर्वीचे प्रवासी पश्चिमेकडून आत शिरत आणि हिंमत खचली की माघारी वळत. नान्सेन यांनी उलटा बेत केला. निर्जन पूर्वेकडून निघावयाचे, म्हणजे मागे परतण्यात अर्थच उरणार नाही! अनेकांना हा बेत वेडेपणाचा वाटला. परंतु १८८८ च्या ऑगस्टमध्ये ते पाच सोबत्यांसह निघाले आणि स्कीवरून घसरत, सामानाच्या गाड्या स्वतः ओढीत ऑक्टोबरच्या आरंभी पश्चिम किनाऱ्यास पोहोचले. ग्रीनलंडचा अंतर्भाग म्हणजे एक प्रचंड हिमाचे पठार आहे, हे त्यामुळे प्रत्यक्ष सिद्ध झाले. त्या वर्षीचे शेवटचे जहाज निघून गेले होते. म्हणून संपूर्ण हिवाळा त्यांनी तेथील इन्युइट लोकांत काढला, त्यांची कातड्याची होडी चालविण्याची कला शिकून घेतली आणि त्यांच्या जीवनावर पुढे एक ग्रंथही लिहिला.

ह्यानंतरचे साहस याहूनही मोठे होते. जीनेट नावाचे एक अमेरिकन जहाज १८८१ साली सायबेरियाच्या उत्तरेस बर्फात चिरडून बुडाले होते. तीन वर्षांनी त्याचे काही अवशेष ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, म्हणजे पृथ्वीच्या माथ्याच्या पलीकडच्या बाजूस, सापडले. ते तेथे कसे आले? बर्फाबरोबर वाहत आले असणार. नान्सेन यांनी तर्क केला की, बर्फ जर लाकडाचे तुकडे नेऊ शकतो, तर तो जहाजही नेईल; मात्र ते चिरडले न जाणारे हवे. कॉलिन आर्चर ह्या कुशल जहाजबांधणी करणाऱ्याने त्यांच्यासाठी फ्राम नावाचे जहाज बांधले. फ्राम म्हणजे पुढे. त्याचा तळ गोलसर होता. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बर्फाने दाबले म्हणजे मुठीत धरलेली ओली बी जशी वर उसळते, तसे ते वर उचलले जाई. लंडनच्या भूगोल संस्थेतील अनेक अनुभवी दर्यावर्दींनी ह्या कल्पनेवर अविश्वास दाखविला होता. १८९३ च्या जूनमध्ये तेरा माणसांसह फ्राम निघाले, सप्टेंबरात सायबेरियाच्या उत्तरेस बर्फात गोठले, आणि तर्क केल्याप्रमाणे सावकाश पश्चिमेकडे वाहू लागले. ध्रुव प्रदेशातील दीर्घ रात्रीत जहाजावर पवनचक्कीच्या साहाय्याने विजेचे दिवे लावीत.

परंतु जहाज ध्रुवावरून जाणार नाही, असे लवकरच दिसून आले. तेव्हा १८९५ च्या मार्चमध्ये नान्सेन व यालमार योहान्सन हे दोघे कुत्र्यांच्या गाड्या व दोन हलक्या होड्या घेऊन जहाज सोडून निघाले. पूर्वीच्या कोणाही प्रवाशापेक्षा सुमारे तीन अंश अधिक उत्तरेस ते पोहोचले. ध्रुव तेथून सुमारे ४२० किलोमीटर दूर होता. पुढे जाणे म्हणजे मरण, हे ओळखून त्यांनी मागे तोंड फिरविले. जहाज तर कोठल्या कोठे वाहून गेले होते. दक्षिणेकडील फ्रान्झ जोझेफ नावाच्या ओसाड बेटांवर त्यांनी दगडांची भिंत रचून, वर वॉलरसचे कातडे घालून झोपडी केली आणि अस्वलाच्या मांसावर आठ-नऊ महिने काढले. ह्या मांसाहाराने दोघांचेही वजन वाढले होते, ही गंमत नान्सेन पुढे सांगत. इतके दिवस ते एकमेकांना अहोजाहो करीत होते; त्या झोपडीत नववर्षाच्या आदल्या रात्री त्यांनी अरेतुरे करण्यास आरंभ केला, असे सांगतात.

उन्हाळ्यात ते दक्षिणेकडे निघाले, त्या वेळचा एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. एकत्र बांधलेल्या दोन्ही होड्या किनाऱ्यास बांधून ते समोरचा प्रदेश पाहण्यासाठी एका उंच हिमखंडावर चढले. इतक्यात दोर सुटला आणि होड्या वाऱ्याबरोबर दूर जाऊ लागल्या. बंदुका, अन्न, काडेपेट्या, सारे काही होड्यांतच होते. होड्या गेल्या म्हणजे प्राण गेले. नान्सेन यांनी घड्याळ योहान्सनच्या हाती दिले, काही कपडे उतरविले आणि त्या गोठणाऱ्या पाण्यात उडी घेतली. हातपाय बधिर होत चालले, होड्या मात्र दूरच जात होत्या. शेवटी कसेबसे त्यांनी होडी गाठली. पण वर चढण्याचे त्राण उरले नव्हते. मोठ्या कष्टाने ते आत पडले. परत वल्हवीत येताना थंडीने सर्वांग थरथरत असताही त्यांनी समोर दिसलेले दोन पक्षी बंदुकीने टिपले. थंडीने त्यांना वेड लागले असावे, असे किनाऱ्यावरील योहान्सनला वाटले! परंतु रात्रीच्या जेवणाची सोय झाली होती. थोड्याच दिवसांनी, १८९६ च्या जूनमध्ये, त्या निर्जन बेटावर कुत्र्याचे भुंकणे ऐकू आले. फ्रेडरिक जॅक्सन नावाचा इंग्रज प्रवासी तेथे मुक्कामास होता. वाढलेले केस आणि काजळीने काळवंडलेला चेहरा यांमागचे नान्सेन त्याने ओळखले. ऑगस्टमध्ये नान्सेन मायदेशी पोहोचले आणि त्याच महिन्यात फ्राम जहाजही सुखरूप परतले. तेरापैकी एकही माणूस दगावला नव्हता.

आता नान्सेन यांचे नाव जगभर झाले. ते विद्यापीठात प्राध्यापक होऊन समुद्राच्या प्रवाहांचा अभ्यास करू लागले. १९०५ साली नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, त्या वाटाघाटींत त्यांनी भाग घेतला आणि नव्या राष्ट्राचे लंडनमधील पहिले वकील म्हणून १९०६ ते १९०८ पर्यंत काम केले. ह्याच काळात त्यांची पत्नी एव्हा निधन पावली. सुखाने संशोधन करीत उरलेले आयुष्य घालवावे, असेच त्यांच्या मनात असावे. परंतु १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले.

चार वर्षांच्या संहारानंतर जगातील राष्ट्रांना एक गोष्ट कळून चुकली. भांडणे मिटविण्यासाठी सर्वांची मिळून काही संस्था असल्याशिवाय गत्यंतर नाही. १९२० च्या जानेवारीत राष्ट्रसंघाची स्थापना झाली. त्याचे मूळ सभासद ४२ होते, आणि त्या वेळी ब्रिटिश अमलाखाली असलेला आपला भारतही त्यांपैकी एक होता. संघाचे कार्यालय स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा येथे होते. मात्र ह्या संघाजवळ स्वतःचे सैन्य नव्हते, मोठा खजिना नव्हता. सभासद राष्ट्रे जी वर्गणी देत तिच्यावर त्याचा कारभार चाले, आणि महत्त्वाच्या ठरावास बहुधा सर्वांची संमती लागे. म्हणजे संघ असे कोणी वेगळे नव्हतेच. सभासद राष्ट्रे जेवढे करू देतील तेवढेच तो करू शके. नान्सेन नॉर्वेचे प्रतिनिधी म्हणून ह्या सभेत आले आणि अखेरपर्यंत येत राहिले.

संघापुढे पहिलाच प्रश्न युद्धकैद्यांचा होता. लढाई संपून दीड वर्ष उलटले, तरी सुमारे पाच लाख कैदी रशिया व मध्य युरोप यांतील छावण्यांत खितपत पडले होते. पुष्कळ जण दूर सायबेरियात होते. रशियात क्रांती होऊन यादवी माजली होती, आगगाड्या बंद पडल्या होत्या, जवळ पैसा नव्हता. शिवाय रशियाचे नवे सरकार राष्ट्रसंघास शत्रूंची टोळी समजे व त्याच्याशी बोलावयासही तयार नव्हते. १९२० च्या एप्रिलमध्ये संघाने हे काम नान्सेन यांच्याकडे सोपविले. रशियन सरकार संघास मानीत नव्हते, पण नान्सेन यांस मानीत होते. ह्या मनुष्याचा शब्द खोटा होणार नाही, अशी सर्वांची खात्री होती. म्हणून ते त्यांच्याशी व्यक्तिशः बोलणी करण्यास कबूल झाले. जर्मनीतील स्टेटिन बंदरातून जहाजे निघत, रशियन कैद्यांना बाल्टिक समुद्राच्या टोकाशी नार्वा येथे पोहोचवीत आणि तेथून जर्मन, हंगेरियन, ऑस्ट्रियन कैद्यांना घेऊन परत येत. जाताना व येताना दोन्ही वेळा जहाज भरलेले असे, त्यामुळे खर्चही थोडक्यात भागे. १९२२ पर्यंत ४ लाख २७ हजारांहून अधिक माणसे आपापल्या घरी पोहोचली. हे काम इतके सुरळीत झाले, याचे एक कारण उघड आहे. प्रत्येक सरकारला आपली माणसे परत हवी होती.

पुढचे काम तसे नव्हते. १९२१ साली रशियात व्होल्गा नदीच्या खोऱ्यात भयंकर दुष्काळ पडला. आधी युद्ध, मग यादवी, त्यात शेतकऱ्यांचे धान्य सरकारने जबरीने उचललेले, आणि त्यावर अवर्षण. कोट्यवधी माणसे अन्नाला महाग झाली. रेड क्रॉस आदी संस्थांनी मदतकार्यासाठी नान्सेन यांस प्रमुख नेमले. सप्टेंबरमध्ये ते राष्ट्रसंघाच्या सभेपुढे उभे राहिले. पन्नास लाख पौंड कर्जाऊ द्यावेत, एवढीच त्यांची मागणी होती. एका लढाऊ जहाजाच्या निम्म्या किमतीत लक्षावधी जीव वाचतील, असा हिशेब त्यांनी मांडला. त्या वर्षी अमेरिका खंडात धान्य मुबलक पिकले होते. अर्जेंटिनात तर मका आगगाडीच्या इंजिनात जळणासारखा जाळला जात होता, हेही त्यांनी सभेस सांगितले. सभा हेलावली, पण पैसा मिळाला नाही. रशियात अन्न गेले तर तेथील नवे सरकार बळकट होईल, अशी भीती अनेक राष्ट्रांना वाटत होती. उपाशी मुलाला भाकरी देताना त्याच्या देशावर राज्य कोणाचे आहे हे पाहावयाचे असते का, हा प्रश्न त्या सभागृहात अनुत्तरित राहिला.

नान्सेन हात जोडून बसले नाहीत. ते स्वतः दुष्काळी मुलखात गेले, तेथील छायाचित्रे घेतली, आणि युरोपातील व अमेरिकेतील शहरांतून ती दाखवीत व्याख्याने देत पैसे गोळा केले. हर्बर्ट हूव्हर यांच्या अमेरिकन मदतसंस्थेने ऐन दुष्काळात दररोज सुमारे एक कोटी लोकांना अन्न पुरविले. नान्सेन यांच्या छत्राखालील संस्थांचा वाटा त्या मानाने लहान होता, तरी लाखो माणसे, विशेषतः मुले, त्यामुळे जगली. असे असूनही सुमारे पन्नास लाख लोक त्या दुष्काळात मृत्युमुखी पडले, असा अंदाज आहे. जिनीव्हा येथील तो नकार नान्सेन यांच्या मनास अखेरपर्यंत लागून राहिला.

याच सुमारास संघाने त्यांच्याकडे आणखी एक कार्य दिले होते. क्रांती व यादवी यांमुळे दहा लाखांहून अधिक रशियन माणसे देश सोडून परागंदा झाली होती. कॉन्स्टँटिनोपल, बर्लिन, पॅरिस, चीनमधील शहरे, अशी ती जगभर विखुरली होती. १९२१ च्या डिसेंबरात त्यांच्या सरकारने त्यांचे नागरिकत्वच काढून घेतले. ह्याचा अर्थ काय, तो नीट समजून घेतला पाहिजे. एका देशातून दुसऱ्या देशात जावयाचे तर आपल्या सरकारने दिलेला पासपोर्ट, म्हणजे पारपत्र, जवळ असावे लागते. ह्या लोकांचे सरकारच उरले नव्हते. मग पारपत्र कोण देणार? पारपत्र नाही म्हणून सीमा ओलांडता येत नाही, म्हणून जेथे काम आहे तेथे जाता येत नाही. आहे तेथे राहावे, तर परवानगी नाही म्हणून तुरुंग. काल जो प्राध्यापक, शेतकरी किंवा सैनिक होता, तो आज कायद्याच्या दृष्टीने कोणीच नव्हता.

पैसा मागितला तर राष्ट्रे देत नाहीत, हे नान्सेन यांनी दुष्काळात पाहिले होते. म्हणून या वेळी त्यांनी ज्याला पैसा लागत नाही अशी गोष्ट मागितली. १९२२ च्या जुलैमध्ये त्यांनी जिनीव्हा येथे सरकारांच्या प्रतिनिधींची परिषद बोलाविली आणि एका दाखल्याचा नमुना पुढे ठेवला. निर्वासित ज्या देशात राहत असेल, त्या देशाने त्यास तो द्यावा. इतर देशांनी तो ओळखपत्र म्हणून मान्य करावा. आरंभी सोळा सरकारांनी मान्यता दिली, आणि वाढता वाढता ही संख्या पन्नासांवर गेली. लोक ह्या दाखल्यास नान्सेन पासपोर्ट म्हणू लागले. त्यात उणिवा होत्या. त्याने नागरिकत्व मिळत नसे, आणि सुरुवातीस तर दाखला देणारा देश त्या माणसास परत घेण्यास बांधलेलाही नसे. परंतु हा मनुष्य अमुक आहे, एवढे सांगणारा कागद हाती आला आणि त्यास कामधंदा शोधता येऊ लागला. असे सुमारे साडेचार लाख दाखले दिले गेले. संगीतकार इगॉर स्ट्राविन्स्की, चित्रकार मार्क शगाल, लेखक व्लादिमिर नाबोकोव्ह यांच्यासारख्या कलावंतांनीही ह्याच कागदावर प्रवास केला. पुढे आर्मेनियन व इतर निर्वासितांनाही तो मिळू लागला.

त्याच वर्षी ग्रीस व तुर्कस्तान यांच्या युद्धाचा शेवट झाला आणि आशिया मायनरमधील ग्रीकांचे लोंढे ग्रीसमध्ये येऊन धडकले. पन्नास लाख वस्तीच्या देशात दहा लाखांहून अधिक माणसे! संघाने पुन्हा नान्सेन यांनाच धाडले. तुर्कस्तानातील ग्रीक ख्रिस्ती ग्रीसमध्ये आणि ग्रीसमधील मुसलमान तुर्कस्तानात, अशी अदलाबदल करावी, ही योजना मांडण्यात त्यांचा हात होता. १९२३ च्या जानेवारीत तसा करार झाला. लढाई पुन्हा पेटली नाही, आणि संघाने मिळवून दिलेल्या कर्जातून ग्रीसमध्ये आलेल्यांना घरे व शेते मिळाली. तरीपण ही अदलाबदल सक्तीची होती. पिढ्यान्‌पिढ्यांचे गाव सोडण्याची इच्छा आहे का, हे त्या माणसांना कोणी विचारले नाही. नान्सेन यांच्या साऱ्या कार्यात हे एक कार्य असे आहे की, त्याची मुक्तकंठाने प्रशंसा करवत नाही.

१९२२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक नान्सेन यांस मिळाले, आणि ती रक्कम त्यांनी मदतकार्यासाठी दिली. १९२५ साली ते आर्मेनियात गेले. कत्तलींतून वाचलेल्या आर्मेनियन लोकांस तेथे पाटबंधारे बांधून जमिनी देता येतील, अशी योजना त्यांनी बारकाईने तयार केली. वर्षामागून वर्ष ते ती संघाच्या सभेपुढे मांडीत राहिले आणि वर्षामागून वर्ष राष्ट्रे सहानुभूती व्यक्त करून गप्प राहिली. फ्राम जहाजावर असताना बर्फ हलण्याची वाट पाहण्याचा त्यांना सराव झाला होता. हा बर्फ मात्र हलला नाही.

१९३० च्या मे महिन्याच्या १३ तारखेस ऑस्लोजवळच्या आपल्या घरी नान्सेन यांचे देहावसान झाले. १७ मे ह्या नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनी त्यांच्यावर सरकारी इतमामाने अंत्यसंस्कार करण्यात आले. त्यांच्या नावाने राष्ट्रसंघाने जे निर्वासित कार्यालय काढले, त्यास १९३८ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ साली राष्ट्रसंघ विसर्जित झाला. संयुक्त राष्ट्रांनी त्याची जागा घेतली, आणि निर्वासितांसाठी नेमलेल्या त्यांच्या उच्चायुक्ताचे कार्यालय १९५१ पासून जिनीव्हा येथेच काम करू लागले. निर्वासितांची सेवा करणारांस १९५४ पासून दिले जाणारे त्याचे पारितोषिकही नान्सेन यांच्याच नावाचे आहे.

नान्सेन पासपोर्टावर एक लहानसे तिकीट चिकटविलेले असे. ज्या निर्वासितांना परवडे त्यांनी ते पाच सुवर्ण फ्रँक देऊन विकत घ्यावे आणि तो पैसा ज्यांच्याजवळ काहीच नाही अशा निर्वासितांसाठी खर्च व्हावा, अशी व्यवस्था होती. त्या तिकिटावर नान्सेन यांचे चित्र होते. ते गेल्यानंतरही कित्येक वर्षे, देश नसलेली माणसे सीमेवरच्या अधिकाऱ्यापुढे उभी राहून ते चित्र चिकटविलेला कागद खिशातून काढीत असत.